चॅनल काढू की दुकान?



मागच्या रविवारच्या व्हिडिओत मी एका मुलाच्या प्रश्नाचा नुसता उल्लेख केला आणि पुढे गेलो. सावेडीत लाइट गेली होती, कॅमेऱ्याची बॅटरी संपत आली होती, त्यामुळे गडबडीत विषय तसाच राहिला. प्रश्न बारा मिनिटांच्या व्हिडिओत मावणारा नाहीच. म्हणून आज सविस्तर लिहितोय. चहा घेऊन निवांत वाचा.

गेल्या दिवाळीनंतरच्या बॅचमधली गोष्ट. क्लास सुटल्यावर पाथर्डी तालुक्यातला एक मुलगा मागे थांबला. वय सव्वीस-सत्तावीस. त्याची आई येसर करते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, भाजलेली धान्यं, डाळ आणि मसाले एकत्र दळून येसर करतात. आमच्या भागात लग्नाच्या पंगतीत येसरची आमटी नसेल तर जेवणारा माणूस तोंडावर काही बोलत नाही, पण घरी जाऊन बोलतो. या माउलीचं येसर आजूबाजूच्या आठ-दहा गावांत जातं. मुलाकडे साठवलेले दीड लाख रुपये होते. नगरला एक गाळा बघून ठेवला होता. डिपॉझिट आणि फर्निचर धरलं की सगळे पैसे त्यातच जाणार. दुसरा विचार असा की कॅमेरा, माईक, लाइट घ्यायचे आणि यूट्यूब चॅनल काढायचं.

"सर, चॅनल काढू की दुकान? लोक तर सगळे फोनमध्येच असतात. दुकानात येतंय कोण? आणि सारोळ्याच्या आजींनी करून दाखवलंय ना सर."

मी लगेच उत्तर दिलं नाही. या बाबतीत एकदा माझे हात पोळलेत, ते पुढे येईलच. त्याला म्हटलं, बस. आधी आपल्या जिल्ह्यातली एक जुनी गोष्ट सांगतो, मग आजींची.

हँडबिलचा जमाना

पण त्याच्याही आधी माझ्या घरातलं थोडं. वडिलांचं कापडाचं छोटं दुकान होतं. दिवाळीच्या आधी आम्ही हँडबिलं छापायचो, पिवळ्या कागदावर, एका रंगात. पहाटे पेपरचे गठ्ठे उतरायचे तेव्हा मी सायकलवर ती हँडबिलं घेऊन जायचो आणि पेपर टाकणारी पोरं ती एकेका अंकात घालायची. पेपरात जाहिरात देणं आम्हाला परवडायचं नाही. आकाशवाणीवर आपलं नाव येणं म्हणजे मोठ्या दुकानदारांचं काम. दूरदर्शनचा तर विचारही नव्हता. रविवारी सकाळी 'रामायण' लागलं की रस्ते ओस पडायचे, अख्खा देश एका डब्यासमोर बसलेला, पण त्या डब्यात आपण काही घालू शकत नव्हतो.

म्हणजे बघा, वाचक होते, श्रोते होते, प्रेक्षक होते. पण ते दुसऱ्याच्या वाड्यात बसलेले. वाड्याला दरवाजा, दरवाजाला माणूस. आत जायचं तर त्याला पैसे द्या किंवा त्याच्या ओळखीचे असा. आमचं पिवळं हँडबिल म्हणजे दरवाजाच्या फटीतून आत सरकवलेली चिठ्ठी.

हँडबिलाचा उपयोग किती झाला, हे वडिलांना कधीच कळलं नाही. कोण वाचतंय, कोण त्यात भजी गुंडाळतंय, काही पत्ता नाही. ते म्हणायचे, "छापायचं. बाजारात सगळे छापतात."

तरवडीचे वर्गणीदार

आता ती जुनी गोष्ट. नगर जिल्ह्याला छापखान्याचं वारं फार लवकर लागलं. 'ज्ञानोदय' हे मराठी नियतकालिक १८४२ साली नगरलाच सुरू झालं, अमेरिकन मराठी मिशनने काढलेलं. पण त्यामागे मिशनसारखी संस्था होती. मला जास्त नवल वाटतं ते मुकुंदराव पाटलांच्या 'दीनमित्र'चं. १९१० साली हे साप्ताहिक सुरू झालं. आधी सोमठाण्यातून आणि नंतर नेवासे तालुक्यातल्या तरवडीतून ते निघायचं. सत्यशोधक विचाराचं पत्र. शेतकऱ्याची बाजू मांडणारं, भटशाहीवर आणि सावकारीवर तुटून पडणारं. मुकुंदराव १९६७ साली गेले. म्हणजे पन्नासहून जास्त वर्षं एक माणूस खेड्यात बसून वर्तमानपत्र चालवत होता. पुणे नाही, मुंबई नाही, जिल्ह्याचं गावसुद्धा नाही. तरवडी!

आज आपण म्हणतो की इंटरनेटमुळे खेड्यातला माणूस बोलायला लागला. अर्धं खरं आहे. तरवडीतला माणूस शंभर वर्षांपूर्वीच बोलत होता. फरक एवढाच, की त्याला त्यासाठी खिळे जुळवावे लागायचे, कागद आणावा लागायचा आणि अंक टपालात टाकावा लागायचा.

आणि अंक टपालात टाकायचा म्हणजे काय लागतं? पत्ता लागतो. प्रत्येक वाचकाचं नाव, गाव, पोस्ट. अशा पत्रांचा संसार वर्गणीवर चालायचा. वर्गणी वेळेवर यायची नाही, थकायची, संपादकाला ओढाताण व्हायची. पण वर्गणीदार कोण आहे हे संपादकाला ठाऊक असायचं. छापखाना बंद पडला, मशीन मोडलं, तरी वही हातात असली की त्या माणसांना पोस्टकार्ड टाकता यायचं.

इथे मी त्या मुलाला विचारलं, "सबस्क्रायबर या शब्दाचा मराठी अर्थ सांग."

तो हसला. "सर, ते बेल आयकॉन दाबतात ते."

नाही रे बाबा. सबस्क्रायबर म्हणजे वर्गणीदार. जो पैसे देतो तो. तुझ्या चॅनलचा सबस्क्रायबर तुला एक रुपया देत नाही, आणि त्याचं नाव-गाव-नंबरही तुला मिळत नाही. ती वही यूट्यूबकडे असते. माध्यमात सगळ्यात मोठा बदल झाला तो इथे, आणि आपलं त्याकडे लक्षच नाही. आपण कॅमेरा किती मेगापिक्सेलचा घ्यायचा एवढंच बघत बसतो.

सारोळ्याच्या आजी

२०१६ सालच्या ५ सप्टेंबरला जिओ आलं. पुढच्या मार्चअखेरपर्यंत डेटा फुकट होता. त्याआधी एक जीबी महिनाभर पुरवणारे आपण, दिवसाला एक जीबी उडवायला लागलो. एसटीत, शेताच्या बांधावर, दवाखान्याच्या बाकावर, जिथे बघावं तिथे लोक व्हिडिओ बघताना दिसायला लागले. आणि मुख्य म्हणजे ज्यांना वाचता येत नाही तेही 'वाचक' झाले. माझी एक मावशी चौथीच्या पुढे शिकली नाही. ती आज माईकचं बटण दाबून बोलते आणि हवा तो व्हिडिओ काढते. पेपरवाल्यांच्या हिशेबात ती कधीच नव्हती.

सुमन धामणे आजी याच काळातल्या. नगरपासून पंधरा-एक किलोमीटरवर सारोळा कासार. वय सत्तरीच्या आसपास, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. नातू यश पाठक, तेव्हा शाळा-कॉलेजच्या वयाचा. त्याने एकदा आजीला पावभाजी कर म्हटलं. आजी म्हणाली, मला येत नाही. नातवाने मोबाईलवर दोन-चार व्हिडिओ दाखवले. ते बघून आजी म्हणाल्या, मी यापेक्षा चांगली करीन. केली, आणि घरातल्यांनी बोटं चाटली. तिथून २०२० साली 'आपली आजी' हे चॅनल उभं राहिलं. कारल्याच्या भाजीचा व्हिडिओ चालला आणि सबस्क्रायबर बघता बघता लाखांच्या घरात गेले. पुढे यूट्यूबचं चांदीचं बटण घरी आलं.

हे सगळ्यांना माहीत आहे, बातम्यांत आलंय. मला त्यातल्या तीन गोष्टी सांगायच्या आहेत.

एक. आजी कॅमेऱ्यासमोर सुरुवातीला अवघडत होत्या. बेकिंग पावडर, सॉस असले शब्द त्यांना नवे, ते नातवाने शिकवले. म्हणजे सफाई नव्हती. तरी लोकांनी पाहिलं. कारण घर सोडून पुण्यात, मुंबईत, दुबईत खोली करून राहिलेल्या पोराला सफाई नको होती, आजी हवी होती. टीव्हीवरच्या कार्यक्रमात असतो तो चकचकीत ओटा त्याने खूप पाहिला होता.

दोन. पूर्वी हीच बाई टीव्हीवर यायची तर कुणीतरी तिला 'निवडावं' लागलं असतं. मुंबईच्या ऑफिसातला कुणीतरी सारोळा कासारला आला असता का? इथे निवडलं थेट बघणाऱ्याने. दरवाजावरचा माणूस उठून गेला.

तीन. आणि ही गोष्ट मी मुलाला दोनदा सांगितली. ऑक्टोबर २०२० मध्ये आजींचं चॅनल हॅक झालं.

नशीब चांगलं म्हणून काही दिवसांत ते परत मिळालं. पण त्या दिवसांत काय वाटलं असेल याचा विचार करा. आजी तीच, चूल तीच, हाताची चव तीच, आणि लाखो माणसं गायब. त्यातल्या एकालाही हाक मारायची सोय नाही, कारण हाक मारायची जागाच चोराच्या हातात. मुकुंदरावांची वही कुणी चोरली असती तर चोराला तिचा काय उपयोग होता? ही वही मात्र चोराच्या कामाची आहे.

(मध्येच एक कामाचं. चॅनल असेल तर टू-स्टेप व्हेरिफिकेशन आत्ता, हा लेख खाली ठेवून, चालू करा. नोव्हेंबर २०२१ पासून कमाई सुरू असलेल्या चॅनलना यूट्यूबने ते सक्तीचं केलंय, पण तुमचं चॅनल छोटं असलं तरी करा. आणि "आमच्या ब्रँडची जाहिरात कराल का, सोबतची फाइल बघा" असा ईमेल आला की ती फाइल उघडू नका. बरीच चॅनल अशाच फायलींतून जातात.)

दरवाजावरचा माणूस उठला, पण वाडा कुणाचा?

२९ जून २०२० ची संध्याकाळ आठवते? सरकारने ५९ चिनी अॅप बंद केली, त्यात टिकटॉक होतं. भारतात सुमारे २० कोटी लोक ते वापरत होते. निर्णय बरोबर की चूक हा आपला विषय नाही. आपला विषय असा, की आमच्या जुन्या बॅचमधल्या एक शिवणकाम करणाऱ्या ताई त्यातल्याच एका अॅपवर ब्लाउजच्या गळ्यांचे व्हिडिओ टाकायच्या. एक लाखाच्या वर फॉलोअर. सकाळी उठून बघतात तर अॅप उघडेना.

फोन करून रडल्या. मी विचारलं, "ताई, मापाची वही आहे का?"

होती. शिंपीकाम करणाऱ्याकडे ती असतेच. छाती, कंबर, बाही, आणि वर कोपऱ्यात नाव आणि मोबाईल नंबर. चाळीस-पंचेचाळीस बायकांचे नंबर निघाले. लॉकडाऊन नुकता सैल होत होता. ताईंनी एकेकीला फोन केला, "मास्क शिवून देते, ब्लाउजही घेते." त्या महिन्याचं भाडं त्या वहीने भरलं. एक लाख फॉलोअरमधल्या एकाचाही नंबर त्यांच्याकडे नव्हता.

माझंही तसंच झालेलं. एका मोठ्या साइटवर माझं पेज होतं, अठरा हजार लाइक. मी खुशीत होतो. मग हळूहळू माझी पोस्ट दोनशे जणांनाही दिसेना. एका एजन्सीने सांगितलं, बूस्ट करा, बारा हजार द्या, बॅच फुल्ल करून देतो. दिले. लाइक आले, कुठल्या कुठल्या देशांतून आले. बॅचला चार माणसं आली, आणि त्यातले दोघे माझ्या मेव्हण्याचे मित्र. तेव्हापासून मी प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी रजिस्टर फिरवतो.

म्हणून म्हणतो, दरवाजावरचा माणूस उठून गेला हे खरंय, पण वाडा अजूनही आपला नाही. आपण भाडेकरू आहोत. भाडं पैशांत घेत नाहीत म्हणून जाणवत नाही एवढंच.

याच जिल्ह्यातला आणखी एक प्रकार सांगतो. निवृत्ती महाराज देशमुख, म्हणजे आपले इंदुरीकर महाराज, अकोले तालुक्यातल्या इंदोरीचे. मंडपात पाच-दहा हजार माणसं बसतात. पण त्यांच्या कीर्तनाचे तुकडे महाराष्ट्रभर पोचले ते मोबाईलवरून, आणि टाकणारे बहुतेक दुसरेच. ज्याने मोबाईल स्टँडवर लावला त्याचं चॅनल, त्याच्या जाहिराती. महाराजांनी स्वतः जाहीरपणे या यूट्यूबवाल्यांवर नाराजी व्यक्त केलेली आहे. कीर्तन काही तासांचं, लोक बघतात चाळीस सेकंद, आणि ते चाळीस सेकंद कुठून कापायचे हे कीर्तनकार ठरवत नाही. मंडपातल्या माणसाने आधीचं-नंतरचं ऐकलेलं असतं, फोनवरच्याने नाही. प्रेक्षक वाढला, पण तो तुकड्यांवर वाढला. तुम्ही व्हिडिओ करणार असाल तर प्रत्येक फ्रेममध्ये कुठेतरी तुमच्या मालाचं नाव आणि नंबर दिसला पाहिजे, पातेल्यामागच्या भिंतीवर लिहा हवं तर. कापणारा कुठूनही कापेल.

आता हिशेब

मुलगा म्हणाला, "पण सर, चॅनलला पैसे मिळतात ना?"

मिळतात. कसे ते बघू. जाहिरातीच्या कमाईत वाटा हवा तर एक हजार सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत चार हजार तास लोकांनी बघितलेले हवेत. (शॉर्ट्सचा रस्ता वेगळा आहे, ९० दिवसांत एक कोटी व्ह्यूज. तो सध्या बाजूला ठेवू.) चार हजार तास म्हणजे दोन लाख चाळीस हजार मिनिटं. एक माणूस सरासरी तीन मिनिटं बघतो असं धरलं तर ऐंशी हजार व्ह्यूज लागतील. ते झाल्यावर मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीचे ५५ टक्के तुला, ४५ टक्के यूट्यूबला.

समजा, तुझा वाटा हजार व्ह्यूजला तीस रुपये पडला. हा आकडा मी फक्त हिशेबासाठी धरतोय, तो विषयाप्रमाणे, महिन्याप्रमाणे वरखाली होतो. तर एक लाख व्ह्यूजला तीन हजार रुपये.

आता आईचं येसर. पाव किलोच्या पुड्यामागे सगळा खर्च जाऊन किती सुटतात?

"तीस रुपये, सर."

मग तीन हजार सुटायला किती पुडे? शंभर.

मी फळ्यावर दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले. एक लाख माणसांनी बघणं आणि शंभर माणसांनी घेणं. पैसा सारखाच. मुलगा बराच वेळ फळ्याकडे बघत होता. माझ्या मते सगळ्या बॅचमध्ये तेवढीच पाच मिनिटं कामाची झाली.

याचा अर्थ चॅनल नको असा कुणी घेऊ नका. चॅनल जाहिरातीच्या पैशासाठी काढू नका, असं म्हणतोय. तुमचं खरं गिऱ्हाईक शोधायला ते वापरा, कारण त्या कामाला याच्यासारखं स्वस्त साधन आजवर झालं नाही. आमच्या पिवळ्या हँडबिलाला विचारता यायचं नाही की बाबा, तुला कुणी वाचलं. व्हिडिओला विचारता येतं. कुठल्या शहरातून बघतायत, कुठल्या मिनिटाला उठून जातायत, सगळं दिसतं.

आणि इथेच मला त्या मुलाचा गाळा खटकला. त्याला म्हटलं, फोन काढ. आईच्या येसरसाठी आलेले शेवटचे तीस फोन बघ. कोण, कुठून?

त्याने बघितले. तीसपैकी सतरा जिल्ह्याच्या बाहेरचे. भोसरी, चाकण, रांजणगाव, वाळूज. सगळी पाथर्डी-शेवगावकडची मंडळी, कंपनीत कामाला गेलेली. सुट्टीला गावी आली की दोन-दोन किलो घेऊन जाणारी. मधेच संपलं की कुणाच्या तरी हातून मागवणारी.

पेपरचा वाचक जागेने बांधलेला असायचा. नगर आवृत्ती नगरमध्ये. आकाशवाणी पोचते तिथपर्यंत. त्यामुळे दुकानदारही जागेचाच विचार करायचा, चौक कुठला, रस्त्याकडेला आहे का. आता माणसं चवीने, बोलीने, आठवणीने एकत्र येतात. चाकणच्या खोलीत राहणारा पाथर्डीचा फिटर आणि भोसरीत राहणारी शेवगावची नर्स, हे दोघं कधी एकमेकांना भेटणार नाहीत. पण तव्यावर येसर भाजतानाचा व्हिडिओ दोघांनाही थांबवेल. हे गिऱ्हाईक सावेडीच्या गाळ्यात कसं येणार? ते नगरमध्ये राहतच नाही!

कांद्याचंही असंच झालंय बघा. पूर्वी बाजारभाव दुसऱ्या दिवशी पेपरात यायचा किंवा संध्याकाळी रेडिओवर. आज नेप्तीला लिलाव चालू असतानाच भाव शेतकऱ्याच्या व्हॉट्सअॅपवर असतो, आणि तो ट्रॅक्टर कुठे वळवायचा हे रस्त्यात ठरवतो. लोक वाट बघत नाहीत आता.

वही

मग वही कशी करायची? सोपं आहे, पण चिकाटीचं काम आहे.

व्हॉट्सअॅप बिझनेस घ्या, वेगळ्या नंबरवर. घरचा नंबर देऊ नका, नाहीतर गुड मॉर्निंगच्या गर्दीत ऑर्डर बुडतात. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात. पण गंमत अशी, की तुमचा मेसेज ब्रॉडकास्टने फक्त त्यालाच जातो ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलेला आहे. बरेच जण यावर वैतागतात. मला ही अट फार आवडते. आजच्या काळात कुणी तुमचा नंबर "येसरवाल्या काकू" म्हणून सेव्ह केला, तर तो तुमचा वर्गणीदार. लाइकवाला नाही, बघून पुढे जाणारा नाही. त्याने आपल्या फोनमध्ये तुम्हाला जागा दिली.

म्हणून प्रत्येक पुड्यावर, प्रत्येक व्हिडिओत एकच विनंती करा. नंबर सेव्ह करा आणि 'येसर' लिहून पाठवा. सबस्क्राइब करा हे त्यानंतर. आणि ते नंबर कागदाच्या वहीत पण उतरवून ठेवा. हसू नका. फोन पाण्यात पडतो.

दुसरं, गूगल मॅपवर दुकानाची नोंद करताना. २०२४ पासून आपल्या जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालंय, तेच लिहायचं. पण लोक शोधताना अजून अहमदनगरही टाइप करतात, नुसतं नगरही करतात. तेव्हा दुकानाच्या माहितीत आणि व्हिडिओच्या खाली जुनं नावही एकदा येऊ द्या. शोधणाऱ्याच्या बोटाला जी सवय आहे ती आहे.

तर त्या मुलाने काय केलं? गाळा घेतला नाही. कॅमेराही घेतला नाही. खाद्यपदार्थांची एफएसएसएआय नोंदणी केली, पुडे सील करायचं मशीन घेतलं, लेबल छापली, आणि मोबाईलला दोनशे-तीनशे रुपयांचा स्टँड. आई म्हणाली, "माझं तोंड नको दाखवू, हात दाखव." म्हणून व्हिडिओत नुसते हात दिसतात. हिरव्या बांगड्या, उलथनं, आणि मागून आवाज, "आता बाजरी तडतडायला लागली की गॅस बारीक करायचा." कुठल्याही एजन्सीला असलं सुचलं नसतं.

व्हिडिओ काही फार चाललेले नाहीत. सगळ्यात जास्त अकरा हजार व्ह्यूज. पण परवा फोनवर सांगत होता, वहीत २१४ नावं झाली. त्यातल्या साधारण नव्वद जणांनी दुसऱ्यांदा मागवलं. चाकणचा एक जण स्वतःच शेजाऱ्यांच्या ऑर्डरी गोळा करतो आणि एसटीने पार्सल मागवतो, एका पुड्यावर पाच रुपये घेतो. आई म्हणते, घेऊ दे.

दीड लाखातले साठ-सत्तर हजार अजून बँकेत आहेत. मी विचारलं, गाळ्याचं डोक्यातून गेलं का? तर म्हणाला, "सर, तो गाळा अजून रिकामाच आहे. मालकाने भाडं उतरवलंय. पॅकिंगला जागा अपुरी पडतीय घरात. आता काय करू?"

मी उद्या पाथर्डीला जातोय. घर बघतो, पॅकिंग बघतो, मग काय ते सांगू म्हटलं. येसरही आणायचंच आहे, आमच्याकडचं संपलंय.